ऑल-टेरेन तीनचाकी वाहनांतील टू-स्ट्रोक व फोर-स्ट्रोक इंजिने

ऑल-टेरेन तीनचाकी हे पुढे एक व मागे दोन चाके असलेले, एका स्वारासाठी बनविलेले आणि रस्त्याबाहेरील जमिनीवर चालविण्याचे मोटारवाहन आहे. वाळू, बर्फ, चिखल, शेते व डोंगरवाटा यांवर चालविण्यासाठी १९७० ते १९८७ या काळात होंडा, यामाहा, कावासाकी व सुझुकी या जपानी कंपन्यांनी अशी वाहने मोठ्या संख्येने बनविली. त्यांची मुख्य बाजारपेठ अमेरिकेची संयुक्त संस्थाने ही होती. या वाहनांत टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक अशी दोन्ही प्रकारची पेट्रोल इंजिने वापरली गेली. कोणते इंजिन निवडावे या प्रश्नाचा संबंध वेगाबरोबरच वंगण, देखभाल, उतारावरील वर्तन आणि स्वाराची सुरक्षितता यांच्याशीही येतो. नवीन तीनचाकींची विक्री बंद झाल्यामुळे आज ही निवड केवळ जुन्या वाहनांपुरती उरली आहे.

मराठीत ‘तीनचाकी’ या शब्दाने सामान्यतः ऑटोरिक्षा किंवा मालवाहू टेंपोचा बोध होतो. प्रस्तुत वाहन त्याहून वेगळे आहे. त्याला छत, प्रवाशांची जागा वा गोल स्टिअरिंग नसते. स्वार मोटारसायकलप्रमाणे खोगिरावर बसतो व हँडलने पुढचे चाक वळवितो.

रचना

या वाहनाचे ठळक वैशिष्ट्य म्हणजे त्याचे फुगीर, रुंद व अत्यंत कमी दाबाचे टायर. मोटारसायकलच्या टायरच्या तुलनेत त्यांत हवेचा दाब फारच थोडा असतो. त्यामुळे वजन मोठ्या क्षेत्रावर पसरते आणि वाहन वाळूत किंवा बर्फात रुतत नाही. सुरुवातीच्या मॉडेलांना स्प्रिंग वा शॉक ॲब्सॉर्बर नव्हते, धक्के झेलण्याचे काम टायरच करीत. मात्र असे टायर चेंडूप्रमाणे उसळतात. वेगात खड्डा लागल्यास हीच उसळी वाहनाचा तोल बिघडविते.

मागील दोन्ही चाके एकाच अखंड आसावर घट्ट बसविलेली असतात व डिफरन्शियल नसते. ऑटोरिक्षात वळताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जलद फिरू शकते, येथे दोन्ही चाके सारख्याच गतीने फिरतात. परिणामी केवळ हँडल वळविल्याने वाहन वळत नाही, ते सरळच पुढे ढकलले जाते. वळण्यासाठी स्वाराला शरीर आतल्या बाजूस व पुढे झुकवून, बाहेरील पायटेकावर भार देऊन आतले मागील चाक हलके करावे लागते. म्हणजेच इंजिनाची शक्ती आणि स्वाराच्या शरीराची हालचाल यांचा मेळ हे वाहन चालविण्याचे मूळ तंत्र आहे. इंजिनाचा प्रकार येथे महत्त्वाचा ठरतो तो याच कारणाने.

इतिहास

१९६७ मध्ये होंडाच्या अमेरिकी शाखेने मूळ कंपनीकडे हिवाळ्यात विकता येईल असे एखादे वाहन मागितले, कारण त्या ऋतूत मोटारसायकलींची विक्री मंदावत असे. अभियंते ओसामू ताकेउची यांनी दोन ते सहा चाकांच्या निरनिराळ्या रचना तपासून तीन चाकांची रचना निवडली. प्रारंभीचे नमुने लहान मोटारसायकलच्या ७० सीसी वर्गातील इंजिनावर आधारलेले होते, पण बर्फ व चिखल यांपुढे ती शक्ती अपुरी पडली. १९७० मध्ये ८९ सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन असलेले ‘यूएस ९०’ बाजारात आले. पुढे त्याचे नाव ‘एटीसी ९०’ झाले. १९७१ च्या ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ या जेम्स बाँड चित्रपटात ते पडद्यावर दिसले. ‘एटीसी’ हे होंडाचे व्यापारी नाव असले तरी बोलण्यात ते सर्वच कंपन्यांच्या तीनचाकींना लावले जाऊ लागले.

पहिल्या दशकात होंडाची तीनचाकी वाहने फोर-स्ट्रोकच होती. यामाहाने १९८० च्या सुमारास ‘ट्राय-मोटो’ मालिकेतून टू-स्ट्रोक इंजिन आणले. १९८१ मध्ये होंडाने ‘एटीसी २५० आर’ सादर केली. तिला २४८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, हाताने चालविण्याचा क्लच, पुढे-मागे सस्पेन्शन व डिस्क ब्रेक होते. मोटोक्रॉस शर्यतीच्या मोटारसायकलचे तंत्र त्यामुळे तीन चाकांवर आले. १९८४ मध्ये कावासाकीची ‘टेकाटे’ आणि १९८५ मध्ये यामाहाची ‘ट्राय-झेड’ या द्रवशीतित टू-स्ट्रोक स्पर्धक मैदानात उतरल्या. १९८५ मध्ये ‘२५० आर’ हीदेखील द्रवशीतित झाली. त्याच वर्षी होंडाने ‘एटीसी ३५० एक्स’ ही फोर-स्ट्रोक क्रीडा तीनचाकी काढली. टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक हा वाद खऱ्या अर्थाने रंगला तो या दोन-तीन वर्षांत.

इंजिनांच्या कार्यातील फरक

फोर-स्ट्रोक इंजिनात इंधनमिश्रण आत घेणे, दाबणे, जाळणे व धूर बाहेर टाकणे या चार क्रिया पिस्टनच्या चार धावांत, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होतात. मिश्रणाचा व धुराचा मार्ग व्हॉल्व्ह उघडमिट करून ठरविला जातो. व्हॉल्व्ह कॅमशाफ्टने आणि कॅमशाफ्ट बहुधा टायमिंग चेनने चालते. वंगणाचे तेल इंजिनाच्या तळाशी वेगळे साठविलेले असते व पंपाने सर्वत्र फिरविले जाते.

टू-स्ट्रोक इंजिनात हेच चक्र पिस्टनच्या दोन धावांत, म्हणजे क्रँकच्या एका फेरीत संपते. सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या पिस्टन स्वतःच उघडतो व झाकतो, त्यामुळे कॅमशाफ्ट व टॅपेट लागत नाहीत. ताजे मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये येते व तेथून वर ढकलले जाते. क्रँककेस अशा रीतीने मिश्रणाचा मार्ग बनल्यामुळे तेथे तेल साठविता येत नाही, वंगणाचे तेल पेट्रोलमधूनच पुरवावे लागते.

प्रत्येक फेरीत एक स्फोट होत असल्याने समान आकाराचे टू-स्ट्रोक इंजिन अधिक शक्ती देते. ती सिद्धांताप्रमाणे दुप्पट व्हावी. परंतु ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच सायलेन्सरमधून निघून जात असल्याने प्रत्यक्षात तेवढी होत नाही. याच गळतीमुळे टू-स्ट्रोक इंजिन अधिक इंधन पिते व अधिक धूर सोडते. भारतात जुन्या बजाज स्कूटर व ऑटोरिक्षा, तसेच यामाहा आरएक्स १०० यांच्यामुळे या इंजिनाचा आवाज, निळसर धूर आणि पेट्रोल पंपावरचे टू-टी ऑइल लोकांच्या चांगल्या परिचयाचे आहे.

शक्तीचे स्वरूप

एकूण शक्तीपेक्षा ती कशी मिळते यात अधिक फरक आहे. शर्यतीच्या धाटणीच्या टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सरचा फुगीर भाग विशिष्ट फेऱ्यांवरच धुराची परावर्तित लाट सिलिंडरकडे पाठवितो व बाहेर पडू पाहणारे मिश्रण परत आत लोटतो. त्यामुळे कमी फेऱ्यांवर मंद वाटणारे इंजिन ठरावीक मर्यादेनंतर एकाएकी उसळते. या पट्ट्याला ‘पॉवर बँड’ म्हणतात. सरावलेला स्वार क्लच व गिअर यांच्या साहाय्याने इंजिन याच पट्ट्यात ठेवतो आणि उंच वाळूच्या टेकड्या सहज चढतो.

नवख्या स्वारासाठी मात्र हीच उसळी धोक्याची ठरते. चढावर शक्ती एकदम आली तर पुढचे एकमेव चाक उचलले जाते, आणि वाहन मागे उलटून स्वाराच्या अंगावर पडू शकते. वळणात शक्ती अचानक वाढल्यास मागील चाके घसरतात. ती पुन्हा जमिनीला घट्ट धरताच वाहन बाहेरच्या बाजूला कलंडण्याचा संभव असतो.

फोर-स्ट्रोक इंजिनाची ओढ कमी फेऱ्यांपासूनच मिळते व हळूहळू वाढते. थ्रॉटल थोडा चुकीचा दिला गेला तरी परिणाम सौम्य असतो. ‘एटीसी ९०’, ‘एटीसी ११०’ यांसारख्या मॉडेलांत स्वयंचलित क्लच असल्याने स्वाराला क्लचची मूठ दाबावी लागत नाही. दगडगोट्यांतून पावलाच्या गतीने जाणे, ओझे ओढणे, कुंपणाची पाहणी करणे अशा कामांना हे वर्तन अनुकूल आहे. ‘३५० एक्स’सारखी मोठी फोर-स्ट्रोक तीनचाकी मात्र शांत म्हणता येत नाही. तिची ओढ खालच्या फेऱ्यांतही इतकी असते की पुढचे चाक सहज उचलले जाते.

उतारावरील वर्तन

थ्रॉटल सोडल्यावर फोर-स्ट्रोक इंजिन वाहनाला जोरदार मागे खेचते. लांब उतारावर या इंजिन-ब्रेकचा मोठा आधार मिळतो, ब्रेक तापत नाहीत व वेग आटोक्यात राहतो. निसरड्या वळणात मात्र थ्रॉटल एकदम सोडल्यास अखंड आसामुळे दोन्ही मागील चाके एकदम अडखळतात आणि मागचा भाग बाजूला सरकू शकतो.

टू-स्ट्रोक इंजिनाचा असा रोध कमी असतो, त्यामुळे उतारावर वाहन जवळजवळ मोकळे धावते व सारा भार ब्रेकवर पडतो. त्यात वंगणाचाही प्रश्न असतो. तेल पेट्रोलमध्ये मिसळलेले असल्याने थ्रॉटल बंद असताना इंजिनात पेट्रोल जवळजवळ जात नाही, म्हणजेच तेलही जात नाही. चाकांच्या गतीमुळे इंजिन मात्र वेगाने फिरत राहते. असा उतार लांबला तर पिस्टन तापून जाम होण्याचा, म्हणजे इंजिन सीझ होण्याचा धोका असतो. म्हणून अनुभवी स्वार उतारावर मधूनमधून क्लच दाबून थ्रॉटलला हलका झटका देतात.

इंधन व वंगण

क्रीडा प्रकारातील टू-स्ट्रोक तीनचाकींत पेट्रोल व तेल हाताने मिसळावे लागते. प्रमाण निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवतात. २०:१ या प्रमाणात एक लिटर पेट्रोलला ५० मिलिलिटर, तर ३२:१ मध्ये सुमारे ३१ मिलिलिटर तेल लागते. तेल कमी पडल्यास पिस्टन व सिलिंडर घासले जातात. जास्त झाल्यास प्लग काळा पडतो, धूर वाढतो व सायलेन्सरमध्ये काजळी साचते. शिवाय तेलाने पेट्रोलची काही जागा घेतल्यामुळे जळणारे मिश्रण किंचित विरळ होते. त्यामुळे प्रमाण बदलल्यावर कार्ब्युरेटरचे जेटही तपासावे लागते. काही मॉडेलांत वेगळ्या टाकीतून पंपाने तेल पुरविण्याची सोय असते. ती सोयीची आहे, परंतु पंप बिघडल्यास त्याचा पत्ता बहुधा इंजिन सीझ झाल्यावरच लागतो. टू-स्ट्रोक वाहनाच्या गिअरबॉक्सचे तेल वेगळे असते व ते स्वतंत्रपणे बदलावे लागते.

फोर-स्ट्रोकमध्ये साधे पेट्रोल चालते. दूरच्या मुक्कामावर, जेथे योग्य टू-स्ट्रोक तेल मिळण्याची शाश्वती नाही, तेथे ही मोठी सोय ठरते. मात्र तेलाची पातळी पाहणे व ठरावीक काळाने ते बदलणे टाळता येत नाही. तेल कमी झाल्यास प्रथम कॅमशाफ्ट व सिलिंडर हेडमधील तिच्या बैठका झिजतात, आणि ती दुरुस्ती खर्चिक असते.

देखभाल

टू-स्ट्रोक इंजिनात फिरणारे भाग कमी असल्याने ते उघडणे व बांधणे सोपे असते. सिलिंडर काढून पिस्टन व रिंग बदलण्याचे काम साध्या अवजारांनी होते. परंतु जोरात चालविलेल्या इंजिनात हे काम वारंवार करावे लागते. सिलिंडर झिजल्यास बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवितात. क्रँकच्या दोन्ही टोकांचे सील सुस्थितीत असणे अत्यावश्यक आहे. मॅग्नेटोकडील सील गळल्यास बाहेरची हवा आत शिरून मिश्रण विरळ होते व इंजिन तापते. क्लचकडील सील गळल्यास गिअरबॉक्सचे तेल जळू लागते, धूर वाढतो व तेलाची पातळी उतरत जाते.

फोर-स्ट्रोक इंजिन नीट तेल दिल्यास दीर्घकाळ न उघडता चालते. त्याची नित्याची कामे म्हणजे तेल बदलणे, टॅपेटचे अंतर जुळविणे आणि टायमिंग चेनचा ताण पाहणे. पण एकदा मोठी दुरुस्ती निघाली की व्हॉल्व्ह, त्यांच्या बैठका, कॅमशाफ्ट, चेन असे अनेक सुटे भाग लागतात. टू-स्ट्रोकमध्ये खर्च लहान हप्त्यांनी, तर फोर-स्ट्रोकमध्ये क्वचित पण मोठ्या रकमेने होतो.

एअर फिल्टरची स्वच्छता दोन्ही प्रकारांत सारखीच महत्त्वाची आहे. वाळूचे बारीक कण आत गेल्यास कोणतेही इंजिन टिकत नाही.

प्रमुख मॉडेले

* होंडा एटीसी ९० व एटीसी ११०: लहान फोर-स्ट्रोक, स्वयंचलित क्लच, सस्पेन्शन नाही.
* होंडा ‘बिग रेड’ मालिका: कामासाठीची फोर-स्ट्रोक वाहने, ‘एटीसी २५० ईएस’मध्ये इलेक्ट्रिक स्टार्ट, रिव्हर्स गिअर व साखळीऐवजी शाफ्ट.
* होंडा एटीसी २०० एक्स: मध्यम आकाराची फोर-स्ट्रोक क्रीडा तीनचाकी, हाताचा क्लच व सस्पेन्शन, १९८३ ते १९८७.
* होंडा एटीसी ३५० एक्स: चार व्हॉल्व्हचे वायुशीतित फोर-स्ट्रोक इंजिन, १९८५ व १९८६.
* होंडा एटीसी २५० आर: टू-स्ट्रोक, १९८१ ते १९८४ वायुशीतित, १९८५ व १९८६ द्रवशीतित.
* कावासाकी टेकाटे: २४९ सीसी, द्रवशीतित टू-स्ट्रोक, १९८४ ते १९८७.
* यामाहा ट्राय-झेड: २४६ सीसी, द्रवशीतित टू-स्ट्रोक; १९८५ व १९८६.

वापरानुसार निवड

शेतीकाम, शिकार, मासेमारीच्या जागी जाणे, बर्फातील ये-जा किंवा सामान ओढणे यांसाठी फोर-स्ट्रोक अधिक योग्य ठरते. इंधन कमी लागते, आवाज मंद असतो व इंजिन कमी फेऱ्यांवर न थकता चालते. शर्यत, मोठे वाळूचे डोंगर व वेगवान मोकळी मैदाने यांसाठी हलके वजन व वरच्या फेऱ्यांवरील शक्ती यांमुळे टू-स्ट्रोक सरस ठरते. अरुंद जंगलवाटांवर ‘२०० एक्स’सारखी मध्यम फोर-स्ट्रोक अनेकदा अधिक शक्तिमान टू-स्ट्रोकपेक्षा कमी थकविते.

जुने वाहन पारखताना इंजिनाच्या प्रकारापेक्षा त्याची अवस्था निर्णायक असते. टू-स्ट्रोकमध्ये कॉम्प्रेशन, क्रँकच्या बेअरिंगमधील ढिलेपणा आणि हवेची गळती तपासतात. फोर-स्ट्रोकमध्ये चालू करतानाचा निळा धूर, चेनचा खडखडाट आणि तेलाचा रंग पाहतात. दुधाळ तेल म्हणजे इंजिनात पाणी शिरल्याची खूण होय. दोन्हींत चौकटीला गेलेले तडे, मागील आसाच्या बेअरिंगमधील खेळ व ब्रेक यांची तपासणी करावी लागते. ही वाहने चार दशकांपूर्वीची असल्याने सुटे भाग मिळतात की नाही हाही निवडीचा मुख्य निकष आहे. अल्पकाळ बनलेल्या मॉडेलांचे भाग दुर्मिळ आहेत. होंडाच्या अधिक खपलेल्या मॉडेलांचे भाग तुलनेने सुलभ आहेत.

सुरक्षितता व कायदा

१९८० च्या दशकात या वाहनांच्या अपघातांत मृत व जखमी झालेल्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि त्यांत मुलांचा मोठा वाटा होता. एक पुढचे चाक, उंच गुरुत्वमध्य, डिफरन्शियलचा अभाव व उसळणारे टायर ही वाहनातील कारणे होती. दिसायला ते खेळण्यासारखे सोपे वाटे, त्यामुळे शिकविल्याविनाच ते मुलांच्या हाती दिले जाई, हे दुसरे कारण. मोटारसायकलच्या सवयीने जमिनीवर टेकलेला पाय मागील चाकाखाली ओढला जाणे, हा या वाहनाचा खास अपघात होता.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या कारवाईनंतर डिसेंबर १९८७ मध्ये होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी व पोलॅरिस या कंपन्यांशी तडजोड झाली आणि एप्रिल १९८८ मध्ये न्यायालयाने ती मंजूर केली. तिच्या अन्वये नवीन तीनचाकींची विक्री थांबली, विक्रेत्यांकडील साठा परत घेण्यात आला, इशारे व प्रशिक्षण बंधनकारक झाले आणि ९० सीसीपेक्षा मोठी चारचाकी वाहनेही १६ वर्षांखालील मुलांसाठी न विकण्याचे ठरले. आधीच विकल्या गेलेल्या तीनचाकी मात्र मालकांकडेच राहिल्या व त्यांचा वापर चालू राहिला. दहा वर्षांची ही तडजोड १९९८ मध्ये संपली. पुढे २००८ च्या ग्राहक उत्पादन सुरक्षा सुधारणा कायद्याने नवीन तीनचाकींची आयात व विक्री यांवर बंदी घातली.

या तडजोडीत टू-स्ट्रोक व फोर-स्ट्रोक असा भेद केलेला नव्हता, कारण मूळ दोष चाकांच्या रचनेत होता. फोर-स्ट्रोक इंजिन निवडल्याने तीनचाकी सुरक्षित होत नाही. चुकीला मिळणारी सवलत थोडी वाढते, एवढेच. हेल्मेट, घोट्यापर्यंतचे मजबूत बूट, योग्य प्रशिक्षण, एकट्यानेच स्वारी करणे आणि पक्क्या रस्त्यावर वाहन न नेणे हे नियम दोन्ही प्रकारांना सारखेच लागू आहेत.

उत्सर्जनाच्या दृष्टीने अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये केलेले नियम २००६ पासून नव्या ऑल-टेरेन वाहनांना लागू झाले आणि चारचाकींमधूनही मोठी टू-स्ट्रोक इंजिने हळूहळू मागे पडली. जुन्या तीनचाकींना ते नियम लागू नाहीत. त्यामुळे संग्राहक व हौशी स्वार यांच्यात दोन्ही प्रकारची वाहने आजही जतन केली जातात.

हे सुद्धा पहा

* ऑल-टेरेन वाहन
* टू-स्ट्रोक इंजिन
* फोर-स्ट्रोक इंजिन
* डिफरन्शियल
* ऑटोरिक्षा